कॅसेट ते डिस्क: डिजिटल व्हिडिओ आणि डिस्क रेकॉर्डिंगचे शब्द, कामाच्या क्रमाने

जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकात घेऊन तिची डीव्हीडी करायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासातच कोडेक, कंटेनर, बिटरेट, इंटरलेसिंग, ऑथरिंग, सेशन, फायनलाइझ असे शब्द एकामागून एक समोर येतात. सगळे एकाच ढिगात पडलेले असले की डोकं चक्रावतं, आणि मग माणूस सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवलेल्या पर्यायांवर 'ओके' दाबत सुटतो. खरं तर या शब्दांना क्रम आहे. चित्र संगणकात येतं, आवळलं जातं, आवाजासोबत एका फाइलमध्ये बांधलं जातं, डिस्कच्या ठरलेल्या रचनेत बसवलं जातं आणि शेवटी लेझरने लिहिलं जातं. जवळजवळ प्रत्येक शब्द यातल्या एका टप्प्याचा असतो. अडचण आली की आधी टप्पा ओळखायचा. चित्राला रेषा येत असतील तर डिस्कची कंपनी बदलून काही होणार नाही, आणि प्लेअर डिस्क ओळखतच नसेल तर बिटरेट वाढवून उपयोग नाही.

पुढे एकच काम धरून चालू: ९० मिनिटांची व्हीएचएस कॅसेट, आणि तिच्यापासून टीव्हीला जोडलेल्या साध्या प्लेअरवर चालणारी डीव्हीडी. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचं गणित जिथे वेगळं पडतं तिथे तेही सांगेन.

पहिली पायरी: चित्र कसं मोजतात

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला किती फ्रेम दाखवल्या जातात तो फ्रेम रेट. एका फ्रेममध्ये आडवे आणि उभे किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, आहेत ते रेझोल्यूशन. डीव्हीडीसाठी हे आकडे आपल्या मर्जीवर नाहीत. पाल पद्धतीत ७२० × ५७६ पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी पद्धतीत ७२० × ४८० आणि २९.९७ फ्रेम. पाल आणि एनटीएससी ही मुळात ॲनालॉग रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतींची नावं. डीव्हीडीच्या संदर्भात मात्र त्यांचा अर्थ एवढाच उरतो: ओळी किती आणि फ्रेम किती. कॅसेट ज्या पद्धतीची, डिस्कही त्याच पद्धतीची करा. एकीतून दुसरीत नेताना फ्रेम नव्याने तयार कराव्या लागतात आणि हालचाल धक्के खात असल्यासारखी दिसते. पालचे बहुतेक प्लेअर एनटीएससी डिस्कही वाचतात. उलट बाजूने तेवढी खात्री देता येत नाही.

आता जरा थांबावं असा शब्द: इंटरलेस्ड. जुना टीव्ही पूर्ण फ्रेम एका दमात दाखवत नव्हता. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. पालमध्ये प्रत्येक फील्डमध्ये २८८ ओळी असतात आणि सेकंदाला ५० फील्ड येतात. महत्त्वाचं हे की या दोन फील्ड वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. त्यामुळे धावणाऱ्या माणसाची एक फ्रेम संगणकावर गोठवून पाहिली तर त्याच्या कडा आडव्या रेषांनी फाटलेल्या दिसतात. हा दोष कॅसेटचा नाही आणि कॅप्चरचाही नाही. दोन क्षण एकाच फ्रेममध्ये दिसतायत, इतकंच. ज्यात पूर्ण फ्रेम एकाच क्षणी टिपली जाते तो प्रोग्रेसिव्ह व्हिडिओ, आणि मोबाइलचा कॅमेरा तसाच टिपतो. १०८०आय आणि १०८०पी यांतल्या शेवटच्या अक्षरांचा फरकही हाच.

फाटलेल्या कडा पाहून लोक पहिलं काम करतात ते डीइंटरलेस करण्याचं, म्हणजे फील्डपासून पूर्ण, प्रोग्रेसिव्ह फ्रेम बनवण्याचं. डीव्हीडी करायची असेल तर ते करू नका. डीव्हीडीला इंटरलेस्ड चित्र चालतं, आणि प्लेअर व टीव्ही ते आपापल्या परीने नीट दाखवतात. साधं डीइंटरलेसिंग अर्धी हालचाल कायमची पुसून टाकतं. तोच व्हिडिओ मोबाइलवर पाहण्यासाठी वेगळी फाइल करत असाल तर तिथे डीइंटरलेस करा, आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर ५० फील्डच्या ५० फ्रेम करून घ्या.

याच्याच जोडीचा शब्द फील्ड ऑर्डर: कोणती फील्ड आधी दाखवायची, वरची की खालची. डीव्ही, म्हणजे कॅसेटवर डिजिटल चित्रण करणाऱ्या, कॅमेऱ्यात खालची आधी असते. कॅप्चरच्या अनेक उपकरणांत वरची. हे उलटं पडलं की टीव्हीवर प्रत्येक हालचाल पुढे-मागे थरथरते, स्थिर दृश्य मात्र ठीक दिसतं. हे लक्षण एकदा ओळखीचं झालं की पुन्हा चुकत नाही.

अॅस्पेक्ट रेशो म्हणजे चित्राच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण. जुनं चित्र ४:३, नवं १६:९. डीव्हीडीवर गंमत अशी की दोन्ही प्रमाणांसाठी पिक्सेल तेवढेच, ७२० × ५७६. पिक्सेल चौकोनी धरलेलेच नाहीत. प्लेअर डिस्कवरची खूण वाचून चित्र ताणतो. १६:९ चित्र असं दाबून साठवलं की त्याला अॅनामॉर्फिक म्हणतात. माणसं बुटकी-रुंद किंवा उंच-बारीक दिसू लागली की दहातल्या नऊ वेळा ही खूण चुकीची लावलेली असते; पिक्सेलला हात लावायची गरज नसते. आपल्या कॅसेटसाठी ४:३ हीच खूण ठेवा आणि रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ द्या. चेहरे ताणण्यापेक्षा पट्टे बरे.

दुसरी पायरी: संगणकात घेणं

ॲनालॉग संकेताचं डिजिटल आकड्यांत रूपांतर करणं म्हणजे कॅप्चर. व्हीसीआरमधून पिवळ्या पिनची कॉम्पोझिट वायर किंवा एस-व्हिडिओ वायर यूएसबी कॅप्चर उपकरणात जाते. दोन्ही सोयी असतील तर एस-व्हिडिओ घ्या. तिच्यात प्रकाश आणि रंग यांचे संकेत वेगळे ठेवलेले असतात. मिनीडीव्ही कॅसेटची गोष्ट निराळी. तिच्यावर माहिती आधीच डिजिटल असते, त्यामुळे फायरवायर वायरने ती जशीच्या तशी उतरवली जाते. ती नक्कल असते. दर्जा कमी होण्याचा प्रश्नच नाही.

इथे भेटणारा त्रासदायक शब्द म्हणजे ड्रॉप्ड फ्रेम्स, म्हणजे निसटलेल्या फ्रेम. जुनी कॅसेट चालताना तिचा वेग किंचित डळमळतो, कॅप्चर उपकरण गोंधळतं आणि काही फ्रेम सोडून देतं. आवाज मात्र सलग येत राहतो, आणि तासाभराने ओठ आणि आवाज यांची फारकत होते. हा डळमळ सावरणाऱ्या यंत्राला टाइम बेस करेक्टर, थोडक्यात टीबीसी, म्हणतात. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. कॅप्चर चालू असताना संगणकावर दुसरं जड काम लावू नका, एवढी काळजी तर फुकटात घेता येते.

मोबाइलच्या व्हिडिओत अशीच फारकत वेगळ्या कारणाने होते. मोबाइल बरेचदा व्हेरिएबल फ्रेम रेटने टिपतो, म्हणजे उजेडाप्रमाणे आणि प्रोसेसरवरच्या भाराप्रमाणे फ्रेमची संख्या कमी-जास्त होते. संपादनाचं सॉफ्टवेअर ती एकसमान धरून चालतं. म्हणून मोबाइलची फाइल आधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटची करून घ्यावी.

चित्राच्या अगदी तळाशी फडफडणारी एक पट्टी दिसली तर घाबरू नका. व्हीएचएसमध्ये टेप वाचणाऱ्या एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याची ती जागा आहे आणि ती प्रत्येक कॅसेटमध्ये असते. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड झाकली जात होती, म्हणून कधी दिसली नाही.

तिसरी पायरी: आवळणं

७२० × ५७६ ची फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ३१ मेगाबाइट होतात. या हिशोबाने साधी डीव्हीडी अडीच मिनिटांत भरून जाईल. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती आवळणं. ती आवळण्याची आणि पुन्हा उलगडण्याची ठरलेली पद्धत म्हणजे कोडेक. व्हीसीडीचा एमपेग-१, डीव्हीडीचा एमपेग-२, नंतरचा एच.२६४ (२००३), एच.२६५ (२०१३), आणि एव्ही१ (२०१८) हे सगळे कोडेक. नवा कोडेक तेवढ्याच दर्जाचं चित्र कमी जागेत बसवतो, पण उलगडायला जास्त ताकद मागतो. जुना डीव्हीडी प्लेअर फक्त एमपेग-१ आणि एमपेग-२ जाणतो. मोबाइलची एच.२६५ फाइल त्याच्यासाठी नुसती खरखर आहे.

आवळण्याचे दोन मार्ग. लॉसलेसमध्ये काहीही टाकून दिलं जात नाही. लॉसीमध्ये डोळ्याला सहसा जाणवणार नाही अशी माहिती कायमची सोडून दिली जाते. डिस्कवर आणि इंटरनेटवर दिसणारा बहुतेक व्हिडिओ लॉसी असतो. म्हणूनच लॉसी फाइलवरून पुन्हा लॉसी फाइल, म्हणजे ट्रान्सकोड, जितक्या कमी वेळा कराल तितकं चांगलं. जागा असेल तर कॅप्चर लॉसलेस ठेवावं. तासाला तीसेक जीबी लागतात. नसेल तर डीव्ही कोडेक वापरा. त्याचा दर सेकंदाला २५ मेगाबिट ठरलेला आहे आणि तासाभराला सुमारे १३ जीबी जागा जाते, म्हणजे आपल्या ९० मिनिटांना १९-२० जीबी.

एमपेग-२ आवळतो कसा हे थोडं समजलं की संपादनातली बरीच कोडी सुटतात. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. आय-फ्रेम ही स्वयंपूर्ण असते. पी-फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपासून काय बदललं एवढंच असतं. बी-फ्रेम आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फ्रेमच्या आधाराने तयार होते. एका आय-फ्रेमपासून पुढच्या आय-फ्रेमच्या आधीपर्यंतचा गट म्हणजे जीओपी. डीव्हीडीवर पालमध्ये हा गट जास्तीत जास्त १५ फ्रेमचा असतो, एनटीएससीमध्ये १८. एमपेग-२ फाइल कापताना कात्री हव्या त्या फ्रेमवर न पडता पुढे-मागे सरकते ती यामुळे. गटाच्या मधोमध कापलं तर उरलेल्या फ्रेमचा आधारच जातो. तेव्हा कापाकापी, शीर्षकं, रंगदुरुस्ती हे सगळं कॅप्चरच्या मोठ्या फाइलवर करा आणि एमपेग-२ शेवटी, एकदाच करा.

चौथी पायरी: पाकीट

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कोडेक आणि कंटेनर यांत. कंटेनर म्हणजे पाकीट, कोडेक म्हणजे आतल्या पत्राची भाषा. एव्हीआय, एमओव्ही, एमपी४, एमकेव्ही ही पाकिटं आहेत. पाकिटावरून आतली भाषा कळत नाही. एमकेव्हीच्या आत एमपेग-२ असू शकतो, एच.२६५ही असू शकतो. एव्हीआय हे मायक्रोसॉफ्टचं १९९२ पासूनचं पाकीट, आणि त्यात इतक्या वेगवेगळ्या कोडेकचा व्हिडिओ घातला गेला की "फाइल एव्हीआय आहे" या वाक्यातून फारसं काही कळत नाही. "चित्र नाही, नुसता आवाज येतोय" ही तक्रार बहुधा इथलीच: पाकीट उघडलं, एक भाषा कळली, दुसरी नाही.

आत काय आहे ते पाहायला मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. कोडेक, रेझोल्यूशन, फ्रेम रेट, स्कॅन प्रकार, फील्ड ऑर्डर, बिटरेट, आवाजाचा प्रकार सगळं एका पानावर दिसतं. कोणतंही काम सुरू करण्याआधी फाइल तिथे टाकून पाहायची सवय लावून घ्या.

चित्र आणि आवाज हे दोन प्रवाह एका पाकिटात बांधणं म्हणजे मक्स करणं, सोडवणं म्हणजे डीमक्स. एका पाकिटातून काढून दुसऱ्यात घालणं म्हणजे रीमक्स. यात आतल्या प्रवाहाला धक्का लागत नाही, दर्जा तसाच राहतो आणि काम काही सेकंदांत होतं. पुष्कळ लोक नुसतं पाकीट बदलायचं असताना तासभर ट्रान्सकोड करत बसतात. एमकेव्हीची एमपी४ करायची असेल आणि आतला कोडेक एमपी४ला चालणारा असेल, तर रीमक्स करा.

आवाजाबद्दल थोडक्यात. डीव्हीडी-व्हिडिओला ४८ किलोहर्ट्झचा आवाज लागतो, ४४.१ हा ऑडिओ सीडीचा आकडा. प्रकार एसी-३, एमपी२ किंवा न आवळलेला पीसीएम. एमपी३ आणि एएसी डीव्हीडी-व्हिडिओत चालत नाहीत. साध्या स्टिरिओ आवाजाला एसी-३ मध्ये १९२ किलोबिट पुरतात.

पाचवी पायरी: बिटरेटचा हिशोब

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओला किती बिट खर्च करायचे. दर्जा आणि जागा यांची सगळी ओढाताण या आकड्यात आहे. हिशोब मात्र सातवीच्या गणिताचा. आधी एकक नीट धरा: ८ बिट म्हणजे १ बाइट. बिटरेट मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. हे दोन एकत्र केले की उत्तर आठपट चुकतं.

डिस्कची क्षमता ४.७ जीबी, म्हणजे ४७० कोटी बाइट. आठने गुणलं की ३७,६०० मेगाबिट. यातले पाच टक्के मेनू आणि रचनेसाठी बाजूला काढा, उरले ३५,७२०. आपली कॅसेट ९० मिनिटांची, म्हणजे ५,४०० सेकंद. भागाकार ६.६. यातून आवाजाचे ०.२ वजा करा. चित्रासाठी सरासरी ६.४ मेगाबिट प्रतिसेकंद मिळाले. व्हीएचएससाठी हा आकडा ऐसपैस आहे.

दोन तासांच्या कॅसेटला याच हिशोबाने ४.८ येतात, तीन तासांना ३.१. तीन तासांच्या वेळी चौकोन चौकोन दिसू लागतात, विशेषतः वेगाच्या दृश्यांत. तिथे एक युक्ती आहे, जी सॉफ्टवेअर आपणहून सुचवत नाही. डीव्हीडीला ३५२ × ५७६ हे अर्ध्या रुंदीचं रेझोल्यूशनही मान्य आहे. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील तसाही त्याहून जास्त नसतो, त्यामुळे तेवढेच बिट अर्ध्या पिक्सेलवर खर्च होतात आणि चित्र स्वच्छ राहतं. दुसरा उपाय दोन डिस्क वापरण्याचा, आणि माझं मत विचाराल तर तोच घ्या.

वरची मर्यादाही आहे. डीव्हीडीवर चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट आणि सगळं मिळून १०.०८ चालतात. ४० मिनिटांचा व्हिडिओ आहे म्हणून बिटरेट १२ करता येत नाही. मर्यादेच्या अगदी काठावरही जाऊ नका. घरी लिहिलेली डिस्क वाचताना जुने प्लेअर तिथे अडखळतात. ८ च्या पुढे जाण्यात डोळ्याला काही मिळत नाही.

कॉन्स्टंट बिटरेट म्हणजे प्रत्येक सेकंदाला सारखेच बिट. व्हेरिएबल म्हणजे शांत दृश्याला कमी, धावपळीला जास्त. टू-पास एन्कोडिंगमध्ये सॉफ्टवेअर आधी पूर्ण व्हिडिओ चाळून कुठे किती लागेल ते टिपून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत वाटप करतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. जागा अपुरी असेल तर हा वेळ सार्थकी लागतो. ९० मिनिटांच्या आपल्या कॅसेटला एक फेरीही पुरे.

टीव्हीखालच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी, ईपी अशी बटणं असतात. त्यामागे हाच हिशोब लपलेला आहे: एका डिस्कवर साधारण एक, दोन, चार आणि सहा तास. एसपीच्या पुढे नाइलाज असेल तरच जा.

सहावी पायरी: ऑथरिंग

एमपेग-२ फाइल तयार झाली म्हणजे डीव्हीडी झाली नाही. या जागी बहुतेकांची पहिली डिस्क फुकट जाते. कोऱ्या डिस्कवर एमपी४ किंवा एमपीजी फाइल नुसती ओढून टाकली तर तयार होते ती डेटा डिस्क. संगणक ती वाचेल; टीव्हीखालचा प्लेअर वाचेलच असं नाही. प्लेअरला हवी असते डीव्हीडी-व्हिडिओची ठरलेली रचना, आणि ती उभी करण्याचं काम म्हणजे ऑथरिंग. डीव्हीडीस्टायलर किंवा डीव्हीडी फ्लिक ही मोफत सॉफ्टवेअर ते करतात.

ऑथरिंग झालं की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात तीन प्रकारच्या फाइल दिसतात. व्हीओबीमध्ये प्रत्यक्ष चित्र, आवाज आणि सबटायटल असतात, आणि एक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी नसते. म्हणून एकच चित्रण चार-पाच तुकड्यांत दिसतं. ते तसंच असायचं असतं. आयएफओमध्ये मार्गदर्शन असतं: कोणता चॅप्टर कुठे सुरू होतो, मेनूचं कोणतं बटण कुठे नेतं. बीयूपी ही आयएफओची राखीव प्रत. जागा वाचवायला यातलं काहीही उडवू नका. शेजारी ऑडिओ_टीएस नावाचं रिकामं फोल्डर असलं तर तेही राहू द्या. काही जुने प्लेअर ते नसलं तर रुसतात.

टायटल म्हणजे डिस्कवरचं एक स्वतंत्र चित्रण, चॅप्टर म्हणजे त्यातला टप्पा. एका डिस्कवर ९९ टायटल आणि एका टायटलमध्ये ९९ चॅप्टर बसतात. आवाजाचे ८ प्रवाह आणि सबटायटलचे ३२. डीव्हीडीची सबटायटल ही अक्षरं नसून चित्रं असतात, त्यामुळे देवनागरीच्या फॉन्टची काळजी प्लेअरला करावी लागत नाही, ती ऑथरिंगच्या वेळी तुम्ही करायची. कॅसेटसाठी दर दहा मिनिटांना आपोआप चॅप्टर टाकण्यापेक्षा प्रसंग बदलतो तिथे हाताने टाका. मेनू साधा ठेवा. हलत्या पार्श्वभूमीचे मेनू बिट खातात आणि रिमोटने बटण सापडत नाही.

विकत मिळणाऱ्या डिस्कवर रीजन कोड असतो, म्हणजे जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर ती चालावी याची खूण, आणि बहुधा सीएसएस हे कुलूपही. स्वतःच्या चित्रणाला दोन्हींची गरज नाही. डिस्कवरचा मजकूर संगणकात उतरवण्याला रिप करणं म्हणतात. विकतच्या डिस्कचं कुलूप तोडण्याबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, तेव्हा आपल्याकडचा नियम पाहून घ्या.

सातवी पायरी: कोरी डिस्क निवडणं

तिन्ही पिढ्यांच्या डिस्क १२ सेंटिमीटर व्यासाच्या. फरक लेझरचा. सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० चा आणि ब्लू-रेला ४०५ चा लेझर लागतो. हे आकडे लेझरच्या तरंगलांबीचे. तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक, आणि तितक्या जास्त खुणा त्याच जागेत. म्हणून सीडीवर ७०० एमबी, डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ जीबी आणि ब्लू-रेच्या एका थरावर २५ जीबी. दोन थरांची, म्हणजे ड्युअल लेअर डीव्हीडी ८.५ जीबीची, ब्लू-रे ५० ची. दोन थरांच्या डीव्हीडीत एका थरावरून दुसऱ्यावर जाण्याची जागा म्हणजे लेअर ब्रेक. तिथे चित्र क्षणभर थबकू शकतं, म्हणून ती चॅप्टरच्या सीमेवर ठेवतात.

डब्यावर ४.७ जीबी लिहिलंय आणि संगणक ४.३८ दाखवतोय, यात कुणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ × १०२४ × १०२४. बाइट तेवढेच.

आर म्हणजे एकदाच लिहिता येणारी, आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. आरमध्ये लेझर रंगद्रव्याचा थर कायमचा बदलतो. आरडब्ल्यूमध्ये मिश्रधातूचा थर स्फटिकरूप आणि स्फटिकहीन अशा दोन अवस्थांत बदलता येतो, आणि हे साधारण हजार वेळा करता येतं. मायनस आर आणि प्लस आर हा फरक दोन प्रतिस्पर्धी गटांच्या भांडणातून आला. आज बहुतेक ड्राइव्ह दोन्ही लिहितात. फार जुना प्लेअर असेल तर डीव्हीडी-आर जास्त भरवशाची. प्लस आरमध्ये एक सोय आहे: काही ड्राइव्ह बुक टाइप, म्हणजे डिस्कच्या प्रकाराची तिच्यावरची नोंद, बदलून तिची ओळख डीव्हीडी-रॉम (कारखान्यात छापलेली डिस्क) अशी करून देतात, आणि मग हट्टी प्लेअरही ती स्वीकारतो.

आठवी पायरी: बर्न करणं

डिस्कवर लेझरने लिहिणं म्हणजे बर्न करणं. त्याआधी आयएसओ फाइल करून घ्या. आयएसओ म्हणजे पूर्ण डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत. ती व्हीएलसीमध्ये उघडून मेनू आणि चॅप्टर तपासा. चूक इथे सापडली तर डिस्क वाचते. मग इमगबर्नसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 'इमेज डिस्कवर लिहा' हा पर्याय निवडा. आयएसओ फाइल इतर फाइलसारखी डिस्कवर टाकली तर डिस्कवर फक्त एक आयएसओ फाइल दिसेल आणि प्लेअर काही चालवणार नाही. एक बारीक अडचण: पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीची असेल तर तिच्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. ४.३ जीबीची आयएसओ तिच्यावर न जाण्याचं कारण तेच.

वेगाच्या आकड्यापुढचा एक्स प्रत्येक पिढीत वेगळा. सीडीचा १एक्स सेकंदाला १५० किलोबाइट, डीव्हीडीचा १,३८५ किलोबाइट, ब्लू-रेचा ४.५ मेगाबाइट. पूर्ण डीव्हीडी १एक्सने लिहायला सुमारे ५७ मिनिटं लागतात. १६एक्सच्या डिस्कला १/१६ वेळ लागत नाही, कारण तो वेग फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो. मी मधला वेग सुचवेन, १६एक्सच्या डिस्कला ८एक्स. सगळ्यात कमी वेग सगळ्यात चांगला हा समज जुना आहे. आताच्या डिस्क फार हळू लिहिण्यासाठी बनवलेल्याच नसतात.

एका दमात लिहिलेला भाग म्हणजे सेशन. थोडं आज, थोडं उद्या असं लिहिणं म्हणजे मल्टिसेशन. फोटोंच्या डेटा डिस्कला ते ठीक, पण डीव्हीडी-व्हिडिओला नको, कारण अनेक प्लेअर पहिल्या सेशनच्या पुढे पाहत नाहीत. डिस्क-अॅट-वन्स, म्हणजे पूर्ण डिस्क एका दमात लिहिण्याचा पर्याय, दिसला तर तोच घ्या. लिहून झाल्यावर डिस्क बंद करून तिच्यावर शेवटची नोंद करणं म्हणजे फायनलाइझ. कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये लिहिलेली डिस्क त्याच यंत्रात चालते आणि बाकी सगळीकडे कोरी दिसते, तेव्हा ती खराब झाली म्हणून फेकू नका. फायनलाइझ करायची राहिलेली असते. शक्यतो ज्या यंत्रात लिहिली त्याच यंत्रात ती करून घ्या.

रेकॉर्डरमध्ये व्हीआर मोड आणि व्हिडिओ मोड असा पर्याय येतो. व्हीआर मोडमध्ये डिस्कवरच कापाकापी करता येते, पण साधे प्लेअर बहुधा ती वाचत नाहीत. डिस्क दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर व्हिडिओ मोड.

नववी पायरी: तपासणं आणि ठेवणं

बर्न संपल्यावर व्हेरिफाय होऊ द्या. त्यात डिस्कवरचा प्रत्येक बाइट मूळ फाइलशी ताडला जातो. मग डिस्क ज्या प्लेअरवर पाहायची आहे त्यावर लावा आणि शेवटची दहा मिनिटं आवर्जून पाहा, कारण लिहिणं आतून बाहेर जातं आणि कडेला चुका जास्त होतात. पहिली प्रत आरडब्ल्यूवर केली तर चुकीची किंमत शून्य.

सीडीचा माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, डीव्हीडीचा दोन ०.६ मिलिमीटरच्या थरांच्या मधोमध, ब्लू-रेचा वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटरवर. त्यामुळे सीडीवर वरून टोकदार पेनने लिहिणं सगळ्यात घातक. डिस्कसाठीचा मऊ टोकाचा मार्कर वापरा. कागदी लेबल चिकटवू नका. तोल जातो आणि कडेचं वाचन बिघडतं. उन्हात ठेवू नका, रंगद्रव्य उतरतं. डिस्क उभी, डबीत.

आणि कॅप्चरची १९-२० जीबीची मोठी फाइल डिस्क झाली म्हणून पुसू नका. एमपेग-२ ही त्या फाइलची आवळलेली प्रत आहे; पुढे कधी वेगळ्या स्वरूपात व्हिडिओ हवा असेल तर मोठ्या फाइलवरून करायचा, डिस्कवरून नाही. ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि डीव्हीडी वर्षातून एकदा लावून, एखादा तुकडा संगणकात उतरवून पाहा. वाचताना ड्राइव्ह सारखा अडखळू लागला तर त्याच आठवड्यात नवी प्रत काढा.